रिकामा रकाना म्हणजे शून्य नव्हे : ओहायो नॅशनल गार्डचा इतिहास वाचताना

मागच्या पोस्टनंतर बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला : "लिटरेचर रिव्ह्यूमध्ये क्रिटिकल वाच, असं गाईड सांगतात. क्रिटिकल म्हणजे नेमकं काय करायचं? चुका काढायच्या का?"

नाही. चुका काढणं हा त्यातला सगळ्यात सोपा भाग. अवघड भाग वेगळाच आहे. समोरच्या मजकुरातलं प्रत्येक वाक्य खरं असूनही त्यातून तयार होणारं चित्र खोटं असू शकतं. हे ओळखायचं कसं, ते आज एका उदाहरणातून दाखवते. उदाहरण आपल्या विषयाबाहेरचं घेतलंय, कारण आपल्या विषयातल्या पेपरांचा आपल्याला जरा धाक असतो. अमेरिकेतल्या ओहायो राज्याच्या अर्धवेळ सैन्याचा, म्हणजे ओहायो आर्मी नॅशनल गार्डचा इतिहास साधारणपणे ज्या पद्धतीनं सांगितला जातो, त्या पद्धतीची ही समीक्षा आहे.

विज्ञान शाखेतली मुलगी सैन्याच्या इतिहासात कशी शिरली, असं वाटेल. तर आधी माझी फजिती ऐका.

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी मी घाटाखालच्या एका पर्जन्यमापकाच्या जुन्या नोंदींवर काम करत होते. हातानं लिहिलेल्या वह्या, त्यांवरून टाईप केलेली एक्सेल शीट. शीटमध्ये काही रकाने रिकामे होते. कोड चालेना म्हणून मी एका ओळीत सगळ्या रिकाम्या रकान्यांत शून्य भरलं. नोंद नाही म्हणजे पाऊस नाही, इतकं साधं वाटलं मला. आलेख छान आला. अतिवृष्टीचे दिवस पूर्वी फार कमी होते, असा निष्कर्षही निघाला. आठ महिने मी त्यावर लिहीत होते. मग त्या गावात गेले, तेव्हा एकेकाळी नोंदी घेणारे एक आजोबा भेटले. मी वहीतला एक रिकामा दिवस दाखवला. ते म्हणाले, "अगं, त्या दिवशी ओढ्याला पूर होता. मापकापर्यंत पोचणार कसं?"

म्हणजे जे दिवस सगळ्यात जास्त पावसाचे, नेमके तेच वहीत रिकामे. आणि मी तिथे शून्य लिहिलं होतं! वही खोटी नव्हती. चूक माझ्या वाचनात होती. वर आणखी एक गोष्ट कळली. मापक मधल्या काळात एका जागेवरून दुसऱ्या जागेवर हलवला होता, पण वहीवर केंद्राचं नाव तेच राहिलं होतं.

एवढं डोक्यात ठेवा. नाव तेच पण जागा वेगळी, आणि महत्त्वाच्या दिवशीच रिकामे रकाने. आता ओहायोला जाऊ.

हे सैन्य नक्की कुणाचं?

आपल्याकडे राज्याला स्वतःचं सैन्य नसतं. राज्य राखीव पोलीस बल राज्याचं असतं, पण ते पूर्णवेळ पोलीस दल आहे. टेरिटोरियल आर्मी अर्धवेळ असते, पण १९४८ च्या कायद्यानं उभी राहिलेली ती केंद्राची सेना आहे. होमगार्ड राज्याच्या हाताखाली असतात आणि पुरात, बंदोबस्तात दिसतात, पण ते सैनिक नव्हेत. आता कल्पना करा की टेरिटोरियल आर्मी आणि होमगार्ड ही दोन्ही कामं एकाच माणसाकडे आहेत, एकाच गणवेशात. नॅशनल गार्ड साधारण तसं आहे.

ओहायोचा गव्हर्नर या दलाचा सरसेनापती असतो. इथला गव्हर्नर आपल्या राज्यपालांसारखा नेमलेला नसतो. तो निवडून येतो, त्यामुळे अधिकाराच्या दृष्टीनं आपल्या मुख्यमंत्र्यांच्या जवळचा समजा. त्याच्या वतीनं ॲड्जुटंट जनरल हा अधिकारी दल चालवतो. पण शस्त्रं, प्रशिक्षणाचे नियम आणि बहुतेक पैसा केंद्राकडून येतो. राष्ट्राध्यक्षांनी बोलावलं की हेच सैनिक अमेरिकेच्या सैन्याचा भाग होऊन परदेशी लढायला जातात.

सैनिक एरवी नोकरी-धंदा करतो. महिन्यातून एक शनिवार-रविवार सराव, वर्षातून साधारण दोन आठवड्यांचा तळ. हा हिशेब कुठून आला ते बघा. १९०३ च्या केंद्रीय कायद्यानं वर्षाला २४ सराव आणि ५ दिवसांचा तळ सक्तीचा केला. १९१६ च्या कायद्यानं ते ४८ सराव आणि १५ दिवस केले. आज एका शनिवार-रविवारात चार सराव धरतात. बारा महिन्यांचे अठ्ठेचाळीस होतात. शंभर वर्षांपूर्वीचा आकडा आजच्या वेळापत्रकात असा शिल्लक आहे.

१९०३ चा कायदा ज्यांच्या नावानं ओळखला जातो ते चार्ल्स डिक ओहायोचेच. १८९८ च्या स्पेनविरुद्धच्या युद्धात ते आठव्या ओहायो रेजिमेंटमधून क्यूबात गेले होते आणि नंतर संसदेत निवडून आले. राज्याराज्यांच्या विस्कळीत पलटणींना केंद्राच्या साच्यात बसवण्याची सुरुवात या कायद्यानं झाली. १९३३ मध्ये आणखी एक पाऊल पडलं. तेव्हापासून गार्डमध्ये भरती होणारा माणूस एकाच वेळी दोन संघटनांत भरती होतो, राज्याच्या गार्डमध्ये आणि अमेरिकेच्या राखीव सैन्यात. दोन मालक, एक माणूस. पुढचं सगळं समजायला ही गोष्ट पक्की लक्षात ठेवा.

नेहमीचा इतिहास

आता नेहमीचा इतिहास कसा असतो ते सांगते, आणि शक्य तितक्या चांगल्या रूपात सांगते. हा पहिला नियम. ज्याची समीक्षा करायची ते आधी इतक्या प्रामाणिकपणे मांडावं की लिहिणारा म्हणेल, "हो, मला हेच म्हणायचं होतं."

सुरुवात होते २५ जुलै १७८८ पासून. त्या दिवशी मारिएटा इथं गव्हर्नर आर्थर सेंट क्लेअर आणि न्यायाधीशांनी नॉर्थवेस्ट टेरिटरीसाठी मिलिशियाचा कायदा जाहीर केला. ओहायो राज्य व्हायला अजून १५ वर्षं होती, ते झालं १८०३ मध्ये. मग यादवी युद्ध. १८६४ च्या वसंतात गव्हर्नर जॉन ब्रॉ यांनी ओहायोच्या गार्डला १०० दिवसांसाठी बोलावलं आणि ३५,००० हून जास्त माणसं उभी केली. किल्ले, रेल्वे, कोठारं यांची राखण त्यांनी केली, त्यामुळे मुरलेले सैनिक आघाडीवर मोकळे झाले.

पहिल्या महायुद्धात १९१७ मध्ये गार्डमधून ३७ वी डिव्हिजन उभी राहिली. नाव 'बकाय', ओहायोच्या झाडावरून. फ्रान्समध्ये म्यूज-आर्गोन आणि पुढे बेल्जियममध्ये ती लढली. दुसऱ्या महायुद्धासाठी ती ऑक्टोबर १९४० मध्येच बोलावली गेली. न्यू जॉर्जिया, बूगनव्हिल, मग फिलिपिन्समध्ये लुझोन आणि मनिला शहरातली घराघरांतली लढाई. तिचा सेनापती रॉबर्ट बाइटलर हा गार्डचाच अधिकारी, नागरी आयुष्यात रस्ते बांधणारा इंजिनिअर, आणि त्यानं पूर्ण युद्धभर डिव्हिजनचं नेतृत्व केलं. १४८ व्या इन्फंट्रीतला रॉजर यंग हा तरुण नजर आणि कान अधू होत चालले म्हणून स्वतःहून सार्जंटचा साधा शिपाई झाला. ३१ जुलै १९४३ ला न्यू जॉर्जियात जपानी मशीनगनवर चालून जाताना तो पडला. त्याला मेडल ऑफ ऑनर मिळालं.

मग येते आजची रचना. ३७ वी इन्फंट्री ब्रिगेड, १६ वी इंजिनिअर ब्रिगेड, १७४ वी हवाई संरक्षण तोफखाना ब्रिगेड, ३७१ वी रसद ब्रिगेड, अशी यादी. प्रत्येक तुकडीपुढे तिची वंशावळ आणि मानचिन्हं.

या वंशावळी कुणीतरी मनाला येईल तशा लिहिलेल्या नाहीत. अमेरिकेच्या सैन्याचं लष्करी इतिहास केंद्र तुकडीला 'लिनिएज अँड ऑनर्स' नावाचा दाखला देतं. कोणती कंपनी कधी उभी राहिली, कधी नाव बदललं, कुणात विलीन झाली, कोणत्या मोहिमेत होती, हे सगळं त्यात ठरलेल्या नियमांनी नोंदलेलं असतं. शिस्तीचं आणि कष्टाचं काम आहे ते. मला त्यात खोटं काही सापडलेलं नाही.

तरीही या दाखल्यांच्या आधारावर लिहिलेला इतिहास मला अपुरा वाटतो. कारणं दोन. दोन्ही माझ्या पर्जन्यमापकाच्या वहीत होती.

पहिला आक्षेप : मापक हलला होता

"१७८८ पासून" या शब्दांत एक दावा लपलाय. १७८८ मधली गोष्ट आणि आजची गोष्ट एकच आहे, हा तो दावा.

१७८८ च्या कायद्यानुसार सोळा वर्षांवरच्या पुरुषांनी हत्यार बाळगून मिलिशियात यायचं होतं. म्हणजे ती सक्ती होती, नोकरी नव्हे. पगार, गणवेश, छावणी यांतलं काही आजच्यासारखं नव्हतं. आणि कायदा झाला कशासाठी? ज्या जमिनीवर नव्या वसाहती होत होत्या ती शॉनी, मायामी आणि इतर जमातींची भूमी होती, आणि ते तिच्यासाठी लढत होते. पुढे १७९२ च्या केंद्रीय कायद्यानं १८ ते ४५ वयाच्या गोऱ्या पुरुष नागरिकांची नावनोंदणी सांगितली आणि बंदूक ज्यानं त्यानं स्वतःची आणायची होती. ही सक्तीची मिलिशिया एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जवळपास कागदावरच उरली. तिच्या जागी हौशी स्वयंसेवक कंपन्या आल्या. मग गार्ड, मग १९०३, १९१६, १९३३ चे कायदे.

मधेच १९१७ मध्ये आकडेही बदलले. चौथी ओहायो रेजिमेंट झाली १६६ वी इन्फंट्री आणि ती ३७ व्या नव्हे, ४२ व्या डिव्हिजनमध्ये गेली. आठवी ओहायो झाली १४६ वी.

सक्तीचा मिलिशियावाला आणि पगार घेऊन शनिवार-रविवार सराव करणारा आजचा स्वयंसेवक यांच्यात काय समान आहे? राज्य (तेही १७८८ मध्ये नव्हतंच) आणि एक धागा, जो नंतरच्या लोकांनी नियम लावून ओढलाय. असा धागा ओढणं गैर नाही. पण सातत्य हे निरीक्षण नसतं, ती व्याख्या असते. "हे केंद्र १९०१ पासून चालू आहे" असं वहीवर लिहिलेलं असलं, तरी मापक हलला का, हे आपण विचारतो ना? तसंच इथं विचारायचं : कशाचं सातत्य? नावाचं, माणसांचं, कायद्याचं की कामाचं? उत्तर प्रत्येक वेळी वेगळं येतं.

दुसरा आक्षेप : पुराचे दिवस रिकामे

हा जास्त गंभीर. गार्डला दोन मालक आहेत हे आपण पाहिलं. दाखल्यातले मानसन्मान मात्र एकाच मालकाच्या कामाचे असतात. केंद्राच्या युद्धात तुकडी गेली की मोहिमेची नोंद होते, ध्वजावर फीत लागते. गव्हर्नरच्या हुकमावरून ती स्वतःच्या राज्यातल्या रस्त्यावर उतरली, तर त्याची फीत नाही. मग दाखला समोर ठेवून इतिहास लिहिणारा माणूस नकळत रिकाम्या रकान्यात शून्य भरतो.

त्या रकान्यात काय होतं ते पाहू.

मार्च १८८४, सिनसिनाटी. एका खुनाच्या खटल्यात ज्युरीनं सौम्य निकाल दिला म्हणून जमाव तुरुंगावर चालून गेला. तीन दिवस दंगल चालली, न्यायालयाची इमारत जळाली, मिलिशियानं गोळीबार केला. ५० हून अधिक माणसं मेली.

मे १९३४, टोलेडो. ऑटो-लाइट कारखान्यातला संप. गार्ड बोलावला गेला, गोळ्या झाडल्या गेल्या, दोघं मेले.

जून १९३७. पोलाद कामगारांच्या संपात गव्हर्नर मार्टिन डेव्ही यांनी गार्ड यंग्सटाउन भागात पाठवला. आधी कारखाने बंद ठेवण्यासाठी, आणि थोड्याच दिवसांत त्याच सैनिकांच्या पहाऱ्यात ते उघडण्यासाठी.

जुलै १९६६, क्लीव्हलंडमधली हफ वस्ती. दंगलीनंतर पुन्हा गार्ड.

आणि ४ मे १९७०, केंट स्टेट विद्यापीठ. कंबोडियात सैन्य घालण्याच्या निर्णयाविरुद्ध विद्यार्थ्यांची निदर्शनं चालली होती. २ मेच्या रात्री आवारातली सैनिकी प्रशिक्षणाची इमारत जळाली. गव्हर्नर जेम्स ऱ्होड्स यांच्या हुकमावरून आलेले गार्डचे बरेच सैनिक त्याच आठवड्यात ट्रकचालकांच्या संपाच्या बंदोबस्तावर होते, तिथून ते थेट इथे आले. त्यांच्या हातात युद्धातल्या एम-१ रायफली होत्या, भरलेल्या. ४ तारखेच्या दुपारी सुमारे १३ सेकंदांत ६० हून जास्त गोळ्या सुटल्या. चार विद्यार्थी मेले, नऊ जखमी झाले. मेलेल्यांपैकी सगळ्यात जवळचा मुलगा सुमारे ८० मीटरवर होता. चौघांपैकी दोघं निदर्शनांत नव्हतेच, एका तासाहून दुसऱ्या तासाला चालले होते.

गोळीबार करणारे होते १०७ व्या आर्मर्ड कॅव्हलरीचे आणि १४५ व्या इन्फंट्रीचे. हा १४५ आकडा ओळखीचा असायला हवा. ३७ व्या डिव्हिजनमधून बूगनव्हिल आणि मनिलात लढलेली रेजिमेंट ती हीच. तिच्या नावापुढे लुझोन लागतं, केंट लागत नाही. दोन्ही ठिकाणी गणवेश तोच आणि आकडाही तोच.

मी इथं सैनिकांना खलनायक ठरवत नाहीये. त्यांतले बरेच जण विद्यार्थ्यांच्याच वयाचे होते, झोप नव्हती, दगड येत होते. पण राष्ट्राध्यक्षांनी नेमलेल्या चौकशी आयोगानं निष्कर्ष काढला की गोळीबार अनावश्यक आणि असमर्थनीय होता, आणि विद्यार्थ्यांसमोर सरसकट भरलेल्या रायफली देण्याची पद्धत थांबली पाहिजे.

त्यानंतर न्यायालयांत जे झालं ते दलाच्या रचनेसाठी सगळ्यात महत्त्वाचं आहे. विद्यार्थी न्यायालयात गेले आणि म्हणाले, ओहायो गार्डचं प्रशिक्षण आणि शस्त्रं यांवर न्यायालयानं देखरेख ठेवावी. १९७३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ५ विरुद्ध ४ मतांनी नकार दिला. सैन्याला शिकवायचं कसं, हे संसद आणि सरकार ठरवतील, न्यायालय नाही. पण १९७४ मध्ये त्याच न्यायालयानं मृतांच्या पालकांच्या दाव्यात सांगितलं की गव्हर्नर आणि अधिकाऱ्यांना पूर्ण संरक्षण नाही, त्यांच्यावर दावा चालू शकतो. शेवटी जानेवारी १९७९ मध्ये ६,७५,००० डॉलरवर तडजोड झाली. पैसे राज्यानं दिले आणि प्रतिवादींनी खेद व्यक्त करणाऱ्या निवेदनावर सह्या केल्या.

आता मला सांगा. ओहायोच्या गार्डची 'रचना' समजून घ्यायची असेल, तर ब्रिगेडच्या आकड्यांची यादी जास्त उपयोगी की हे दोन निकाल? हुकूम कुणाचा, पगार कुणाचा, चुकलं तर जबाबदार कोण, हे सांगणारी माहिती त्या रिकाम्या रकान्यात आहे.

आणि नुसत्या घटनाच नव्हेत, कारणंही तिथेच आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी राज्यांनी गार्डवर अचानक पैसा का लावला? अनेक इतिहासकारांनी याचा संबंध १८७७ च्या मोठ्या रेल्वे संपाशी आणि त्यानंतरच्या औद्योगिक संघर्षांशी जोडला आहे. तो रकाना काढून टाकला, की दल वाढताना दिसतं, पण कशामुळे वाढलं ते दिसत नाही.

भरलेल्या रकान्यातही फटी

कुणी म्हणेल, ठीक आहे, राज्याचं काम सुटलं असेल, पण युद्धाचा भाग तरी पूर्ण आहे ना? तोही 'राज्याची डिव्हिजन' या नजरेनं पाहिला तर अपुराच राहतो.

ओहायो गार्डमध्ये नववी बटालियन होती, कृष्णवर्णीय सैनिकांची. १८९८ मध्ये तिचं नेतृत्व चार्ल्स यंग या कृष्णवर्णीय अधिकाऱ्याकडे होतं. १९१७ मध्ये ओहायोचा गार्ड ३७ व्या डिव्हिजनमध्ये गेला असं आपण वाचतो. ही बटालियन त्यात नव्हती. तिला इतर राज्यांच्या कृष्णवर्णीय तुकड्यांबरोबर ३७२ व्या इन्फंट्रीत घातलं, आणि ही रेजिमेंट फ्रान्समध्ये फ्रेंच सैन्याच्या १५७ व्या डिव्हिजनखाली लढली. फ्रेंचांनी तिला क्रॉइक्स द गेर देऊन गौरवलं. तिच्या स्वतःच्या दाखल्यात हे सगळं आहे. पण ओहायोचा इतिहास म्हणजे ३७ व्या डिव्हिजनचा इतिहास असं धरलं, की ओहायोचेच हे सैनिक चित्राबाहेर जातात. माहिती हरवलेली नसते. आपण निवडलेल्या एककात ती मावत नाही, एवढंच.

यावर उत्तर काय असू शकतं?

माझ्या या टीकेवर एक सरळ प्रत्युत्तर आहे, आणि ते वजनदार आहे : वंशावळीचा दाखला हा इतिहास असल्याचा दावाच करत नाही. ध्वज कुणाचा, फिती किती, हे ठरवण्यासाठी तो असतो. नव्या सैनिकाला आपल्या आधी कोण होऊन गेलं हे कळावं, यासाठी असतो. शाळेच्या हजेरीपटात मुलाचा स्वभाव सापडत नाही म्हणून हजेरीपटाला दोष देणार का?

मान्य. दाखल्याला दोष नाहीच. दोष आहे तो हजेरीपट समोर ठेवून मुलाचं चरित्र लिहिणाऱ्याचा. माझ्या वहीतही तेच झालं होतं. आजोबांनी रकाना रिकामा ठेवला, ते योग्यच केलं. शून्य मी भरलं.

दुसरी सावधगिरी मला स्वतःलाच घ्यावी लागली. रिकामा रकाना आता सापडलाय म्हटल्यावर त्यात फक्त गोळीबार भरायचा मोह होतो. मीही पहिल्या मसुद्यात तेच केलं होतं. पण त्याच रकान्यात मार्च १९१३ चा महापूर आहे. डेटन शहर पाण्याखाली होतं, गव्हर्नर जेम्स कॉक्स यांनी गार्डला बोलावलं, आणि त्या सैनिकांनी शहराचा बंदोबस्त केला, मदत पोचवली. त्यात जानेवारी १९७८ चं हिमवादळ आहे, जेव्हा गार्डचे लोक बर्फात अडकलेल्या माणसांपर्यंत पोचत होते. याचीही फीत नाही. म्हणजे हे रकाने दलाची फक्त लाज झाकत नाहीत, त्याचं श्रेयही झाकतात. वगळण्यामागे कट असेल असं लगेच धरून चालू नका. बऱ्याचदा फॉर्मच तसा छापलेला असतो.

मग तुम्ही काय करायचं?

आपल्या रिव्ह्यूकडे वळू. तुमचा विषय पॉलिमर असो, मधमाश्या असोत की शेतकरी कर्ज, कोणताही स्रोत हातात आला की "हे खरं आहे का?" याच्या आधी तीन प्रश्न विचारा.

ही नोंद कुणी, कशासाठी ठेवली? ध्वजाच्या फिती मोजायला ठेवलेली नोंद संप मोजणार नाही. औषध कंपनीनं विक्रीसाठी ठेवलेली नोंद रुग्ण बरा झाला का ते सांगणार नाही.

ज्याला 'एकच गोष्ट' म्हटलंय ती कशाच्या जोरावर एकच आहे? उपकरण बदललं का, प्रश्नावली बदलली का, गावाची हद्द बदलली का? नाव टिकलं म्हणजे वस्तू टिकली असं नाही.

आणि रिकामे रकाने कुठे आहेत? ते कुठेही विखुरलेत, की नेमके पुराच्या दिवशीच आहेत? संख्याशास्त्राच्या तासाला आपण हे शिकतो आणि कोड लिहिताना विसरतो. विखुरलेली तूट त्रास देते, पण निष्कर्ष उलटा करत नाही. महत्त्वाच्या दिवसांचीच तूट असेल, तर निष्कर्षच उलटा होतो. ओहायोच्या बाबतीत दाखला वाचून आपण म्हणतो, "हे दल परदेशात लढलं." रिकामे रकाने भरले की म्हणावं लागतं, "हे दल परदेशात लढलं आणि घरच्या रस्त्यांवरही उभं राहिलं, कधी पुरात हात द्यायला, कधी बंदूक रोखून." पहिलं वाक्य खरंच आहे. पण ते वाचून केंट समजत नाही.

रिकामे रकाने भरायला दुसऱ्या जातीचा स्रोत लागतो. लष्करी दाखल्याला लष्करी दाखला जोडून उपयोग नाही. न्यायालयाचे निकाल, चौकशी आयोगाचे अहवाल, त्या दिवसांची वर्तमानपत्रं, कामगार संघटनांचे कागद लागतात. माझ्या बाबतीत लागले ते आजोबा.

माझ्या त्या शीटचं काय झालं, हेही सांगून टाकते. गाईडना सांगायला दोन दिवस लावले. भीती वाटत होती. त्यांनी ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "रिकामे किती?" मी मोजले नव्हते. आठ महिन्यांत एकदाही मोजले नव्हते. त्या संध्याकाळी लॅबमध्ये बसून मोजले, त्यांच्या तारखा एका वेगळ्या वहीत लिहिल्या, आणि शेजारच्या धरणाच्या पाण्याच्या नोंदी मागवायला अर्ज केला. प्रबंधातलं तिसरं प्रकरण आता त्या रिकाम्या दिवसांवरच आहे.

तुमच्या डेटात किती रिकामे रकाने आहेत? आज मोजा. सिनॉप्सिस त्यानंतर लिहा.